हौशी स्पर्धेला पात्रतेची अट असावी काय?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थसंकल्प, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय होत असतात. चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी कामगार चळवळीवर बोलावे. मी त्यांना म्हटले, चळवळीवरच बोलतो, पण पंजाच्या टेबलावरून बोलतो. ते हसले. माझे शिक्षण शाळेत अर्धवट राहिले आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयात व कारखान्याच्या दारावरच्या सभांत झाले. त्यामुळे विषय निवडताना तो मोठा आहे की छोटा हे मी पाहत नाही. त्यात कोणाचा रोज बुडतो, एवढे पाहतो. या विषयात तो बुडतो.

पंजा लढवणे हा खेळ आपल्या किनाऱ्याला नवा नाही. होडी ओढणारा, जाळे खेचणारा, मिठागरात दिवसभर फावडे चालवणारा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसला की कोपर टेकून मनगट अजमावतोच. नवे आहे ते त्याचे टेबल, त्यावरची गादी, बाजूची खुंटी, पंच आणि वजनाचे गट. 2023 साली दिल्लीत पंजाची व्यावसायिक लीग झाली, ती लोकांनी घरोघर पाहिली, आणि तेव्हापासून पोरांच्या डोळ्यांत या खेळाला एक प्रतिष्ठा आली. प्रतिष्ठा आली की तिच्या मागोमाग नियम येतात. नियमांविषयी माझी तक्रार नाही, माझे आयुष्य नियम वाचण्यात आणि मालकाला वाचून दाखवण्यात गेले. पण आता जिकडे तिकडे एक विचार ऐकू येतो. तो असा की, खुल्या स्पर्धेत कोणीही उठतो आणि हात टाकतो, गर्दी होते, दर्जा राहत नाही. म्हणून आधी गावची चाचणी, मग तालुक्याची, मग विभागाची, आणि त्यातून जो उरेल त्यालाच अजिंक्यपदाच्या स्पर्धेत प्रवेश. ऐकायला हे फार शिस्तीचे वाटते.

या शिस्तीची किंमत कोण मोजतो ते पाहा. एका कंत्राटी कामगाराला मी विचारले की, तू यंदा नाव का दिले नाहीस? तो म्हणाला, "दादा, खेळ एका दिवसाचा, पण खाडे चार." या एका वाक्यात सगळा अर्थ आला. कायम नोकरीतल्या माणसाला चाचणीसाठी रजा मिळते, काही ठिकाणी खेळाडू म्हणून भरपगारी मिळते. शाळा-कॉलेजातल्या मुलाला मास्तरच घेऊन जातात. कंत्राटी माणसाला मात्र मुकादमाची मर्जी सांभाळावी लागते. एक दिवस आला नाही तर एक रोज बुडतो, चार दिवस आला नाही तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणजे चाचणी जितक्या पायऱ्यांची, तितकी ती ताकदीची कमी आणि सवडीची जास्त होते. शेवटच्या पायरीवर जो पोचतो तो जिल्ह्यातला सर्वांत बळकट असेलच असे नाही. ज्याला चार दिवस मोकळे मिळाले त्यांच्यातला तो सर्वांत बळकट असतो.

आणि रविवारी चाचणी घेतली म्हणजे प्रश्न सुटला असेही समजू नका. रविवार ही आकाशातून पडलेली गोष्ट नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा 1890 च्या जून महिन्यात आठवड्याची सुट्टी मान्य झाली. आज मात्र आपल्या थळचा खत कारखाना काय किंवा न्हावा-शेवाचे बंदर काय, रात्रंदिवस चालते. तिथे सुट्टी पाळीने येते, रविवारी येईल असे नाही. मच्छीमाराचे आणि मिठागरवाल्याचे गणित तर याहून वेगळे. कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्या यात्रांच्या आणि स्पर्धांच्या दिवसांत, या दोघांचा हंगाम भर जोरात असतो. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि मिठागरे पाण्याखाली असतात. तेव्हा ही माणसे मोकळी, पण तेव्हा मैदाने बंद. पंजाला मैदान लागत नाही, शाळेची खोली पुरते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता 'हौशी' या शब्दाकडे येऊ. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा, असा आपण त्याचा सरळ अर्थ घेतो. पण हा शब्द ज्या इंग्रजांकडून आपल्या खेळात आला, त्यांनी त्याचे काय केले होते पाहा. टेम्स नदीवर हेन्ली येथे होड्यांच्या वल्हेशर्यती होतात. तिथे 1879 साली हौशी माणसाची व्याख्या करण्यात आली. तीत असे होते की, जो मजुरीवर यांत्रिक, कारागीर किंवा मजूर म्हणून काम करतो किंवा पूर्वी करीत असे, तो हौशी नव्हे. त्याने वल्हवण्याचे पैसे घेतले असोत वा नसोत! हाताने काम करून पोट भरले, एवढाच त्याचा अपराध. वर समर्थन असे की, अंगमेहनतीमुळे मजुराचे शरीर अधिक बळकट होते, म्हणून त्याला घेणे सभ्य गृहस्थांवर अन्यायाचे होईल. मालकांच्या तोंडून मजुराच्या बळकटपणाची इतकी स्तुती मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

अमेरिकेचा जॅक केली हा 1920 साली या शर्यतीसाठी निघाला. त्याचा अर्ज नाकारला गेला. कारणे दोन होती. त्याच्या क्लबवर पूर्वीची बंदी होती, आणि तो स्वतः गवंडीकाम केलेला माणूस होता. त्याच वर्षी अँटवर्पला ऑलिंपिक झाले. हेन्लीची शर्यत जिंकलेला जॅक बेरेसफोर्ड तिथे होता आणि केलीने त्याला हरवून सुवर्णपदक घेतले. हेन्लीच्या नियमातले मजुरांविषयीचे कलम 1937 साली गेले. पुढे 1947 आणि 1949 या दोन वर्षी याच केलीच्या मुलाने हेन्लीला जाऊन तीच शर्यत जिंकली. (त्याची मुलगी ग्रेस केली ही चित्रपटांतून गाजली आणि पुढे मोनॅकोची प्रिन्सेस झाली, हे पुढच्या रांगेतल्या भगिनींना माझ्याआधी आठवले असेल.)

आपल्याकडे असे कलम कोणी लिहिणार नाही, लिहायला धजणारही नाही. पण चार खाड्यांची चाचणी आणि ते कलम यांचा परिणाम एकच होतो की नाही, याचा विचार करा. कलम निदान उघड होते, त्याच्याविरुद्ध भांडता येत होते.

मग चाचणी कशासाठी लागते? जिथे ती खरोखर लागते तिथली कारणे आपण प्रामाणिकपणे पाहू. पहिले कारण वेळेचे. हा तर कबड्डीचा जिल्हा. कुलाबा म्हणत होते तेव्हापासून इथे गावागणिक संघ आहेत. कबड्डीचा पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. मैदान रिकामे होणे, नाणेफेक, वाद, हे सगळे धरले की एका सामन्याला तास जातो. चौसष्ट संघ बाद पद्धतीने खेळवायचे तर त्रेसष्ट सामने, म्हणजे एका मैदानावर त्रेसष्ट तास. चार मैदाने आखली तरी सोळा तास. सगळ्या महाराष्ट्राचे संघ एका गावी उतरले तर महिना पुरणार नाही. म्हणून जिल्ह्याची अजिंक्यपद स्पर्धा होते, तिच्यातून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, आणि तो राज्याला जातो. हे योग्यच आहे.

पंजाचे गणित करून पाहा. या खेळात सामान्यतः दोनदा हरल्यावर माणूस बाहेर जातो. एका वजनगटात चौसष्ट लोक आले असे धरा. त्रेसष्ट जणांना दोन-दोन हार द्यायच्या, म्हणजे एकशे सव्वीस लढती, आणि विजेताही एकदा हरला असेल तर एकशे सत्तावीस. लढत काही सेकंदांत संपते. पकड लावायला, कोपर नीट ठेवायला, मूठ सुटली तर पट्टा बांधायला वेळ जातो तो धरून प्रत्येकी दोन मिनिटे म्हणू. दोन टेबले मांडली तर दोन तास आणि वर थोडी मिनिटे. एका गटाचे चौसष्ट लोक, त्यातल्या प्रत्येकाला निदान दोन लढती, आणि दुपारच्या जेवणाच्या आत निकाल! ज्या खेळाला देवाने इतका थोडा वेळ दिला आहे, त्याला कबड्डीचा नियम लावण्याचे कारण मला कोणी समजावून सांगितलेले नाही. बोस्टनच्या मॅरेथॉनने 1970 साली वेळेची अट घातली, कारण धावणारे हजारावर गेले आणि रस्ता तेवढाच राहिला. आपले टेबल दुसरे मांडता येते, सुताराला सांगायचा अवकाश.

दुसरे कारण दर्जाचे. नवखा आणि कसलेला यांची गाठ पडली तर दोघांनाही काही मिळत नाही, प्रेक्षक कंटाळतात. हे खरे आहे. पण आपल्या वाडवडिलांनी या अडचणीवर फार पूर्वी तोड काढलेली आहे, ती आपण विसरलो. घाटावर यात्रेतली कुस्त्यांची दंगल ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. हलगी वाजत असते, कडेला पोरे लंगोट लावून उभी असतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुझा तालुक्यात कितवा नंबर. पंच त्यांची उंची, खांदे, वय नजरेने तोलतात आणि जोड लावतात. पहिल्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग रक्कम वाढत जाते, जोड मोठी होत जाते, आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती लागते. आत येताना कोणाला अडवलेले नाही, आणि तरीही रेवडीच्या पोरासमोर कोणी नामांकित मल्ल उभा केलेला नाही. 'जोड' हा शब्द पाहा किती शहाणपणाचा आहे. तू लायक आहेस की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. तुझ्या लायक कोण, एवढाच प्रश्न आहे.

मुंबईत डॉ. कांगा यांच्या नावाची क्रिकेट लीग 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. तिच्यात गट आहेत. खालच्या गटात जिंकलात की वरच्या गटात जायचे, वर हरलात की खाली यायचे. सामान्य क्लब आपल्या बरोबरीच्यांशी खेळतो आणि तरीही मोठमोठ्या खेळाडूंच्या लीगमध्ये असतो. इथे चिखलातल्या खेळपट्टीवर जे जमले ते आपल्याला बंद खोलीतल्या टेबलावर का जमू नये?

किंबहुना मी पुढे जाऊन म्हणतो की अट हवीच, पण ती वरून हवी. नवख्यांच्या गटात बक्षीस कमावलेला माणूस येता कामा नये. आज उलटे होते. दहा-दहा ठिकाणी ढाल घेतलेला गडी गावच्या छोट्या स्पर्धेत येतो, सगळ्यांचे हात पाडतो, पाच हजार रुपये उचलतो आणि पुढच्या गावाला जातो. पुढच्या वर्षी त्या गावचा एकही पोरगा टेबलाजवळ फिरकत नाही. दुबळ्याला अडवणारी अट सुचवणारे पुष्कळ भेटतात, बळकटाला अडवणारी अट सुचवणारा मला अजून कमिटीत भेटायचा आहे.

तिसरे कारण जिवाचे, आणि ते मी सर्वांत गंभीर मानतो. पंजात दंडाचे हाड मोडते. जोर लावताना माणूस खांदा वळवून अंग पुढे टाकतो, हात मागे राहतो, तोंड दुसरीकडे फिरते, आणि दंडाचे हाड पिळल्यासारखे तुटते. त्या हाडाला लागून जाणारी शीर दुखावली तर मनगट लुळे पडते. हातावर पोट असलेल्याचा हात तो, महिनोन्‌महिने कामाविना. म्हणून काही लोक म्हणतात, नवख्यांना येऊच देऊ नका. मी म्हणतो, हे कारण पात्रतेचे नाही, शिक्षणाचे आहे. हा धोका दुबळ्याला आहे तसा बलदंडालाही आहे, कारण तो ताकदीच्या कमतरतेने होत नाही, रीत न कळल्याने होतो. तालुक्यात पहिला आलेला गडी जर रीत न शिकता नुसत्या रगीने पहिला आला असेल, तर तुमच्या चाचणीने त्याचा दंड वाचवला नाही, उलट तीनदा धोक्यात घातला. यंत्रावर नवा माणूस आला तर त्याला आधी यंत्र दाखवतात, धोक्याचे भाग दाखवतात, मग बटण दाबू देतात. सकाळी वजन घेताना अर्धा तास काढा. आपली नजर आपल्या मुठीवर ठेवायची, खांदा मुठीच्या मागे राहू द्यायचा, पंच थांब म्हणाला की सोडायचे, हे प्रत्येकाकडून टेबलावर करून घ्या. ज्याला ते जमले नाही त्याला त्या दिवशी खेळू देऊ नका. ही एक पात्रता मी मान्य करतो. तिला खाडा लागत नाही.

कोणी म्हणेल, हा कामगारवाला सगळीच दारे काढून टाकायला निघाला. तसे नाही. जिथे जिल्ह्याचे, राज्याचे, देशाचे नाव लावून एकानेच जायचे असते, तिथे निवड हवी आणि ती उघड हवी. खाशाबा जाधवांचे उदाहरण आपल्या घरचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 साली लंडनला सहावा आला. 1952 च्या हेलसिंकीच्या वेळी निवडीत आपल्यावर अन्याय झाला अशी तक्रार घेऊन तो पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेला, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि त्याने ती जिंकली, असे नोंदलेले आहे. मग पैशांचा प्रश्न आला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे चाचणीने त्यांना अडवलेही होते आणि चाचणीनेच पाठवलेही. फरक एवढाच की दुसरी चाचणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली.

उलट बाजूही आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने 2015 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन देशासाठी ऑलिंपिकची जागा मिळवली. दोन ऑलिंपिक पदके जिंकलेला सुशील कुमार म्हणाला, जागा देशाची आहे, आमची चाचणी घ्या. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि 2016 च्या जूनमध्ये सुशीलचा अर्ज फेटाळला गेला. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात नरसिंगही खेळू शकला नाही, तो भाग निराळा. 2023 साली आशियाई स्पर्धांसाठी दोघा नामवंतांना चाचणीतून सूट मिळाली, तेव्हा अंतिम पंघाल ही तरुण मुलगी कोर्टात गेली आणि तिथे हरली. मग सूट मिळालेली विनेश फोगाट दुखापतीमुळे बाहेर पडली, अंतिम गेली, आणि कांस्यपदक घेऊन आली. दाराला पहारेकरी ठेवलात की पहारेकऱ्याचे ओळखीचे लोकही असतात, हे गृहीत धरूनच चालावे लागते.

आणि पहारेकरीच दोन असले तर? 2023 च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या, एक पुण्याजवळ फुलगावला आणि दुसरी धाराशिवला, कारण संघटना दोन. 1961 पासून चालत आलेल्या, घराघरात माहीत असलेल्या किताबाची ही गत, तर पंजासारख्या नव्या खेळाचे काय सांगावे? एका संघटनेच्या चाचणीत पास झालेला दुसरीकडे नापास ठरतो. खेळाडू चार खाडे करून प्रमाणपत्र आणतो आणि टेबलावर त्याला सांगतात, हा शिक्का आमचा नव्हे. आमच्या धंद्यातही हे आहे. एका कारखान्यात दोन युनियन झाल्या की वर्गणीच्या पावत्या दोन होतात आणि पगारवाढ एकही होत नाही.

दर्जाची काळजी करणाऱ्यांसाठी आणखी एक आठवण देतो. 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये इक्वेटोरियल गिनी या छोट्या देशाचा एरिक मुसांबानी शंभर मीटर पोहायला उतरला. ठरलेली वेळ त्याने गाठलेली नव्हती. लहान देशांसाठी राखलेल्या सवलतीतून तो आला होता. त्याच्याबरोबरचे दोघे आधीच उडी मारल्याने बाद झाले, तो एकटाच पोहला आणि जवळजवळ एक मिनिट त्रेपन्न सेकंदांनी धडपडत पोचला. त्या स्पर्धेचा विजेता अट्ठेचाळीस सेकंदांत पोचला होता. मुसांबानीमुळे विजेत्याचे अट्ठेचाळीस सेकंद काही वाढले नाहीत.

तेव्हा या जिल्ह्यात जे कोणी पंजाची स्पर्धा भरवणार असतील, त्यांच्यापुढे माझे म्हणणे असे आहे. एकच दिवस ठेवा, आणि तो श्रावणाच्या आधी, होड्या किनाऱ्यावर असताना ठेवा. सकाळी आठ वाजता वजन आणि रीत शिकवणे. नऊ वाजता नवख्यांचे गट सुरू करा, त्यात बक्षीस घेतलेल्याला मज्जाव. दोन हारांचा नियम. नवख्यांच्या प्रत्येक गटातले पहिले दोघे दुपारी खुल्या गटात जातील, ज्यांचे नाव झाले आहे ते थेट दुपारी येतील. राज्याला जिल्ह्याचा माणूस पाठवायचा असेल तर तो त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर, लोकांसमोर ठरेल. रात्रपाळी करून आलेल्यासाठी नाव देण्याची मुदत वजनाच्या वेळेपर्यंत खुली ठेवा, आधी अर्ज भरण्याची सक्ती नको. प्रवेशशुल्क पन्नास रुपयांच्या वर नेऊ नका. बायकांचा गट पहिल्या वर्षापासून ठेवा. टोपलीभर मासळी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईच्या मनगटाची शंका कोणाला असेल, तर त्याने या शहराच्या मासळी बाजारात जाऊन भाव कमी करून पाहावा.

टेबले मी बघून ठेवली आहेत. आमच्या सभासदांपैकी एका सुताराने दोन टेबले लाकडाच्या किमतीत करून द्यायचे कबूल केले आहे, गाद्या शिवणारा मिळाला आहे. पंच म्हणून रीत जाणणारे चार जण हवेत, त्यातले दोन मिळाले आहेत. उरलेले दोन या सभागृहात बसलेले असतील, तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर बाहेर माझ्याकडे नाव द्यावे.